शहराचा फोटो, घरचा फोटो

मागच्या दोन गुरुवारी आपण शेळ्यांच्या लसी आणि बँकेच्या व्याजाचा हिशेब यावर बोललो. आजचा विषय जरा वेगळा आहे. शहरात राहून त्या शहराचे आणि आपल्याच घरच्या माणसांचे फोटो काढणारी जी नवी मुलंमुली आहेत, त्यांच्याविषयी आज बोलायचं आहे.

यात आपलं काय, असं विचाराल. आपल्या तालुक्यातल्या कितीतरी मुली आता शिकायला, नोकरीला पुण्या-मुंबईत आहेत. प्रत्येकीच्या हातात मोबाईल आहे. सगळ्याच फोटो काढतात, पण त्यातल्या एखादीला वाटतं, हे काम आपण मनापासून करावं. ती सुट्टीला आली की घरी सांगते. मग घरचे म्हणतात, फोटो काढून कुठं पोट भरतं का? प्रश्न चुकीचा नाही, त्याच्याकडे आपण येऊच. पण ती नेमकं काय करू बघते, हे आधी समजून घ्यायला हवं.

एक गोष्ट आम्ही आमच्या गटांमध्ये विचारून पाहिली. तुमचे स्वतःचे फोटो किती आणि कुठले? उत्तरं जवळजवळ सारखीच आली. आधार कार्डावर एक, रेशन कार्डावर एक, पासबुकावर एक, कर्जाच्या फाईलला चिकटवलेले दोन. लग्नाचा अल्बम असेल तर तो, आणि त्यात मान खाली. त्यानंतर एकदम गटाच्या कार्यक्रमातला फोटो. मोठ्या आकाराचा चेक, मधोमध साहेब, आणि बाया दोन्ही कडेला. चुलीपाशी बसलेली, शेतात खुरपताना, पोराला न्हाऊ घालताना, दुपारी उंबऱ्यात टेकलेली अशी बाई कुठल्या फोटोत नाही. म्हणजे जो आपला खरा दिवस असतो, त्याचाच फोटो नाही.

शहराचंही तसंच आहे. मुंबई म्हटलं की गेटवे, पुणे म्हटलं की शनिवारवाडा. कॅलेंडरवर तेच, शाळेच्या सहलीच्या फोटोतही तेच. पण शहरात माणूस राहतो तो काही गेटवेमध्ये राहत नाही. तो जिन्याखाली राहतो, दहा बाय दहाच्या खोलीत राहतो, त्याच्या खिडकीतून समोरच्या इमारतीचे पाईप दिसतात, आणि गच्चीवर शंभर घरांचे कपडे वाळत असतात. आपण डोंगर, नदी, शेत यांच्या फोटोला निसर्गदृश्य म्हणतो ना, तसं हे शहराचं दृश्य. नव्या मुलांना हे दृश्य टिपायचं असतं. आणि बहुतेकांची सुरुवात होते ती ज्या गल्लीत आपण वाढलो तिथून, नाहीतर ज्या घरातून बाहेर पडलो तिथून. म्हणून शहराचा फोटो काढता काढता तो आईचा, आजीचा, मामाचा फोटो होतो.

हे काम एका फोटोत होत नाही. वीस-तीस, कधी शंभर फोटो एकाच गोष्टीभोवती काढायचे, त्यातले नेमके निवडायचे, आणि एकापुढे एक लावायचे. याला मालिका म्हणतात. गोधडीचा एक तुकडा हातात घेतला तर ती नुसती चिंधी. शिवून झाली की त्यात आजीचं लुगडं कुठलं, पोराचा सदरा कुठला हे कळतं. मालिकेचं तसंच असतं. आणि म्हणूनच याला वेळ लागतो. सहा महिने, दोन वर्षं, आणि आता ज्यांची गोष्ट सांगणार आहोत त्यातल्या एकीला तर बारा-तेरा वर्षं लागली.

या भागासाठी आम्ही दोन परदेशी बायकांचं काम मोबाईलवर शोधून पाहिलं आणि बैठकांमध्ये दाखवलं. दोघींनी सुरुवात केली तेव्हा त्यांना कोणी ओळखत नव्हतं.

पहिली जपानची, इशिउची मियाको. जन्म १९४७ सालचा, किर्यू नावाच्या गावी. हे गाव रेशमाच्या विणकामासाठी प्रसिद्ध आहे, आणि पुढे कॉलेजातही त्यांनी कापडाचंच शिक्षण घेतलं. त्या सहा वर्षांच्या असताना घरचे योकोसुका या बंदराच्या शहरात राहायला गेले. दुसऱ्या महायुद्धात जपान हरला होता आणि योकोसुकात अमेरिकेच्या आरमाराचा मोठा तळ होता. रस्त्यांवर परदेशी नाविक, दारूचे अड्डे, रात्रीची वर्दळ. मुलींना काही रस्त्यांची भीतीच वाटायची. इशिउचीबाई एकोणीस वर्षांच्या होईपर्यंत तिथं एका खोलीच्या घरात राहिल्या. त्यांना ते शहर मुळीच आवडत नव्हतं.

तिशीला टेकल्यावर त्या कॅमेरा घेऊन त्याच शहरात परत गेल्या. फोटोग्राफीचं रीतसर शिक्षण नव्हतं, सामानसुद्धा आधी एका मित्राचंच हाती आलेलं होतं. लहानपणी ज्या रस्त्यांची भीती वाटायची ते रस्ते, पोपडे आलेल्या भिंती, रिकामे जिने, तारांची कुंपणं असं सगळं त्यांनी काळ्या-पांढऱ्यात टिपलं. तेव्हा फोटो रिळावर निघायचे. ते अंधाऱ्या खोलीत, तांबड्या दिव्याच्या उजेडात, रसायनाच्या पाण्यात बुडवून धुवावे लागत. कापड रंगवणारीला हे काम नवखं वाटलं नसणार. रंगाच्या पिंपातून कापड बाहेर काढताना हात कुठं थांबवायचा हे तिला ठाऊक असतं. बाईंचे फोटो असे गडद आणि खरबरीत की त्या भिंतीवरून हात फिरवला तर बोटाला लागेल असं वाटतं. या कामाचं पुस्तक १९७९ साली निघालं. त्याच साली, जुन्या पडक्या चाळीवजा इमारतींच्या फोटोंसाठी त्यांना किमुरा इहेई पुरस्कार मिळाला. जपानमध्ये फोटोग्राफीचा हा मोठा मान समजला जातो, आणि तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या बाई.

पैसा कुठून आला? वडिलांनी मुलीच्या लग्नासाठी पैसे साठवले होते, ते तिनं या कामात घातले. हे सांगितलं तेव्हा आमच्या बैठकीत थोडा वेळ कोणी काही बोललं नाही. मग एकीनं विचारलं, "आणि बापानं दिले?" दिले. आम्ही काही लगेच घरोघरी जाऊन असं करा म्हणून सांगणार नाही. ज्या घरात लग्नाच्या पैशावर दहा जणांचे डोळे असतात, तिथं हे बोलणं सोपं नसतं. पण जगात एका बापानं हे केलं आहे, एवढं आपल्याला माहीत असायला हरकत नाही.

दुसरी गोष्ट नावाची. इशिउची मियाको हे त्यांचं पाळण्यातलं नाव नाही. ते त्यांच्या आईचं माहेरचं नाव. आई लग्न करून आली आणि तिचं हे नाव मागं पडलं. लेकीनं फोटो पहिल्यांदा लोकांपुढं मांडले तेव्हा तेच नाव उचललं आणि त्याच नावानं पुढचं सगळं काम केलं. आपल्याकडे याच्या अगदी उलट झालेलं आहे. होमाई व्यारावाला या भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकल्या. त्या काळी त्यांनी आपल्या वर्गातल्या मैत्रिणींचे, मुंबईच्या रस्त्यांचे सुंदर फोटो काढले. पण सुरुवातीचे त्यांचे फोटो छापून आले ते नवऱ्याच्या नावानं, कारण बाईला तेव्हा कोण ओळखणार? पुढे स्वातंत्र्याच्या काळातले त्यांचे फोटो देशभर गाजले आणि २०११ साली, वय ९७ असताना, त्यांना पद्मविभूषण मिळाला. महाराष्ट्रात आता १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदावर आईचं नाव लावावं लागतं. हे कळायला सरकारला एवढी वर्षं लागली. इशिउचीबाईंनी ते पन्नास वर्षांपूर्वी कुणाला न विचारता करून टाकलं.

त्या चाळीस वर्षांच्या झाल्या तेव्हा त्यांनी आपल्याच साली, म्हणजे १९४७ साली जन्मलेल्या बायकांना गाठलं आणि त्यांच्या हातापायांचे फोटो काढले. तोंडांचे नव्हेत, हाताचे आणि पायांचे. टाचेच्या भेगा, बोटांचे घट्टे, नखात अडकलेलं काम, सगळं जवळून. पुस्तकाचं नाव नुसतं साल आहे. बैठकीत हे फोटो फिरले तेव्हा जी चर्चा झाली तशी कुठल्याही योजनेवर होत नाही. एका आजीनं आपला पाय पुढे केला आणि म्हणाली, "ही तर माझीच टाच. जपानच्या बायासुद्धा अनवाणी हिंडतात का गं?" कोणाचा हात कशानं भाजला, कोणाचं बोट कडबाकुट्टीत कसं गेलं, हे त्या दिवशी पहिल्यांदा बोललं गेलं. दहा वर्षं एकत्र बचत करणाऱ्या बाया एकमेकींच्या हातांकडे त्या दिवशी नीट बघत होत्या.

त्यांचं सगळ्यांत नावाजलेलं काम आईवर आहे. मायलेकींचं फारसं पटत नव्हतं. आईनं अठराव्या वर्षी गाडी चालवायचा परवाना काढलेला, पुढे ट्रकसुद्धा चालवला. पहिला नवरा युद्धात गेला, तो मेला असं कळलं म्हणून तिनं दुसऱ्या माणसाबरोबर संसार मांडला, आणि पहिला जिवंत परत आला. अशी ती बाई. शेवटच्या वर्षी लेकीनं आईच्या अंगावरच्या भाजल्याच्या वणांचे फोटो काढले. स्वयंपाकाचं तेल अंगावर सांडून ते झालेले होते. २००० साली आई गेली. मागे राहिले तिचे आतले कपडे, केस अडकलेला कंगवा, कवळी, चपला, अर्धवट वापरलेली ओठांची लाली. आपल्याकडे असं सामान बोचक्यात बांधतात, नाहीतर नदीत सोडतात. या लेकीला ते टाकवेना. तिनं एकेक वस्तू उजेडात धरून तिचा फोटो काढला. लालीच्या नळ्या मात्र रंगीत फोटोत आहेत. लाल रंग काळ्या-पांढऱ्यात कसा दाखवणार? आई जिवंत असताना जे बोलणं झालं नाही, ते या वस्तूंशी झालं म्हणायचं. २००५ साली हेच फोटो इटलीतल्या व्हेनिसच्या मोठ्या कलाप्रदर्शनात जपान देशाच्या वतीनं मांडले गेले. त्यानंतर हिरोशिमात अणुबॉम्बनं मेलेल्यांचे जे कपडे तिथल्या संग्रहालयात जपून ठेवलेत, त्यांचेही फोटो त्यांनी काढले. त्यात मुलींचे हातानं शिवलेले झगे आहेत. ते बघताना युद्धाचा आकडा डोक्यात येत नाही, शिवणाऱ्या बाईची टीप दिसते.

दुसरी बाई अमेरिकेतली, लटोया रुबी फ्रेझर. जन्म १९८२. तिचं गाव ब्रॅडॉक, पिट्सबर्ग शहराजवळचं, नदीकाठचं. तिथं १८७५ साली अँड्र्यू कार्नेगी या उद्योगपतीनं पोलादाचा कारखाना काढला, तो आजही चालू आहे. एकेकाळी गावात २० हजार माणसं होती. बाजार, सिनेमा, दुकानं. मग पोलादाचा धंदा बसला, नोकऱ्या गेल्या, ज्यांना जाता आलं ते गेले. काळ्या कुटुंबांना दुसरीकडे घरासाठी कर्ज मिळणं मुश्कील, म्हणून ती मागे राहिली. २०१० पर्यंत गावात दोन हजारांच्या आसपास माणसं उरली. गिरणी संपानंतरची लालबाग-परळची वस्ती ज्यांनी पाहिली असेल, ज्यांचा भाऊ-दीर तिथून गावी परत आला असेल, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

लटोयाला आजीनं वाढवलं. आजीचं नाव रुबी, तेच लेकरानं आपल्या नावात ठेवलं. सोळा वर्षांची असल्यापासून ती घरात फोटो काढू लागली. आजी, आई आणि स्वतः. एका फोटोत आजी आणि नात जमिनीवर बसल्यात, मागे आजीनं जमवलेल्या चिनीमातीच्या बाहुल्या. दुसऱ्या एका फोटोत आईचा चेहरा बाजूनं दिसतो आणि त्याच्या मागून लेकीचा अर्धा चेहरा समोर बघतो. जणू एकाच चेहऱ्याच्या दोन बाजू. आजी कर्करोगानं गेली, आई आजारी, लटोयाला स्वतःला ल्युपस नावाचा आजार. कारखान्याच्या धुरात तीन पिढ्या वाढल्या. आणि २०१० मध्ये गावातलं इस्पितळच बंद झालं, मग पाडलं गेलं. उपचारही तिथं होत होते, कित्येकांची नोकरीही तिथंच होती. लटोयानं पाडकामाचे फोटो काढले, पुढे हेलिकॉप्टरमधून गावाचे फोटो काढले. घरातल्या पलंगापासून आकाशापर्यंत एकच गोष्ट तिनं सांगितली: हे शहर असं का झालं आणि त्याची किंमत कुणाच्या अंगानं मोजली. १२-१३ वर्षांच्या या कामाचं पुस्तक २०१४ साली निघालं. त्यातले काही फोटो आईनं काढलेले आहेत. लेक कॅमेरा आईच्या हातात द्यायची आणि समोर स्वतः उभी राहायची. आम्हाला या सगळ्या कामात ही गोष्ट सगळ्यांत मोलाची वाटते.

एक प्रकार तर ऐकाच. इस्पितळ बंद झालं त्याच सुमाराला लीव्हाइस या जीन्सच्या कंपनीनं आपल्या जाहिराती ब्रॅडॉकमध्ये काढल्या. पडझड झालेलं गाव, त्यात नव्या जीन्स घातलेली कष्टाळू माणसं, नवी सुरुवात वगैरे. कंपनीनं गावाला मदतही दिली. पण लटोयाचं म्हणणं, आमचं इस्पितळ गेलं ते या जाहिरातीत कुठं आहे? म्हातारी, आजारी माणसं कुठं आहेत? न्यूयॉर्कमध्ये त्या कंपनीनं उघडलेल्या जागेबाहेर ती त्यांचेच कपडे घालून गेली आणि फुटपाथवर अंग घासत राहिली, कपडा फाटेपर्यंत. काही जणींना हे वेडेपण वाटलं. एक मात्र म्हणाली, "आपल्या वाडीत येऊन कोणी तुटक्या भिंतीपुढं नटीला उभं केलं आणि साबण विकला, तर मला पण राग येईल."

२०१६ साली लटोया फ्लिंट नावाच्या शहरात गेली. तिथं २०१४ मध्ये खर्च वाचवायला पाण्याचा स्रोत बदलला आणि नळातून शिसं मिसळलेलं पाणी येऊ लागलं. लहान मुलांना त्याचा सगळ्यांत जास्त धोका. तिनं शाळेची बस चालवणाऱ्या एका आईचे, तिच्या लेकीचे आणि तिच्या आईचे फोटो काढले. बाटलीतल्या पाण्यानं दात घासताना, रांधताना, लग्नाला जाताना. पुढे फोटो विकून आलेला पैसा आणि एका कलासंस्थेची मदत यातून २०१९ मध्ये हवेतून पाणी काढणारं एक मोठं यंत्र फ्लिंटमध्ये आणलं गेलं आणि लोक त्याचं पाणी भरून नेऊ लागले. फोटोनं पोट भरतं का, हे माहीत नाही. फोटोनं एकदा हंडा मात्र भरला.

आपल्या राज्यातलं नाव सांगायचं तर सुधारक ओलवे. मूळ अकोल्याचे. मुंबईत वर्तमानपत्रासाठी फोटो काढता काढता त्यांनी महापालिकेच्या सफाई कामगारांचे फोटो काढले. शहर झोपलेलं असतं तेव्हा गटारात उतरणारी माणसं, कचऱ्याच्या गाडीवरची माणसं, आणि त्यांची घरं. मुंबईचं दृश्य म्हणजे समुद्र आणि उंच इमारती असं ज्यांना वाटत होतं, त्यांना जमिनीखालची मुंबई दिसली. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

आता पोटाचा प्रश्न. तो आमच्या एका गटात प्रत्यक्षच आला. एका ताईनं अंतर्गत कर्जाचा अर्ज दिला: मुलीसाठी जुना कॅमेरा घ्यायचा. मुलगी पुण्यात शिकते. हे उत्पादक कर्ज की खर्चाचं? इतिवृत्तात काय लिहायचं? मुलीला आम्ही बैठकीला बोलावलं. तिनं मोबाईलवर काढलेले पंधरा-सोळा फोटो दाखवले. तिचे मामा पुण्यात एका सोसायटीत वॉचमन आहेत. पार्किंगच्या कोपऱ्यात जिन्याखालची खोली, दोन विटांवर ठेवलेली शेगडी, खिळ्याला टांगलेली वर्दी, भिंतीवर गावच्या कृषी केंद्राचं कॅलेंडर. वर दहा मजल्यांचे दिवे. मामा कुठंच रडवेले नाहीत. एका फोटोत तर भाकरी थापताना हसतायत. पण त्यांची बहीण, म्हणजे आमच्या गटातली ताई, ते बघून गप्प झाली. गेली अकरा वर्षं भाऊ फोनवर सांगतोय, खोली चांगली आहे.

एक फोटो या मालिकेत नाही. मामा साहेबांच्या गाडीला सलाम करतात तो. मामा म्हणाले, हा नको. तिनं काढून टाकला. सोसायटीचं नावही कुठल्या फोटोत दिसू दिलं नाही, कारण मामांची नोकरी जायची. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं. कॅमेऱ्याच्या किमतीपेक्षा आमच्या बायांना या दोन गोष्टींचा जास्त भरवसा वाटला.

तरी हिशेब हिशेबाच्या जागी. अशा मालिकांवर सुरुवातीला कमाई नसते, हे आम्ही स्पष्टच सांगितलं. ओलवे वर्तमानपत्रात नोकरी करत होते, लटोयानं कॉलेजात शिकवलं. नवी मुलं लग्नाचे, वाढदिवसाचे, दुकानांच्या मालाचे फोटो काढून खर्च भागवतात आणि उरलेल्या वेळात आपलं काम करतात. आपली मालिका प्रदर्शनांना, पाठ्यवृत्तीला पाठवतात. दहा ठिकाणी पाठवावी तेव्हा एखादीकडून होकार येतो. ही मुलगी शनिवार-रविवार एका लग्नाच्या फोटोग्राफरकडे मदतनीस म्हणून जाते. त्या पैशातून हप्ता देणार म्हणाली. गटानं आईच्या नावावर, नेहमीच्या व्याजानं, मागितल्याच्या निम्मं कर्ज मंजूर केलं आणि निम्मं तिनं स्वतः उभं करायचं ठरलं. इतिवृत्तात "व्यवसायासाठी" असं लिहिलं. आजवर चार हप्ते वेळेवर आलेत. म्हशीच्या कर्जाचा हप्ता कुणाचा थकलाय ते इथं रेडिओवर सांगत नाही.

आपल्या घरातली मुलगी हे करू म्हणत असेल तर तिला महागडा कॅमेरा लगेच देऊ नका. मोबाईल पुरतो. एक जागा, एक माणूस निवड म्हणावं आणि सहा महिने तिथंच जा. सकाळच्या उन्हात एक फोटो, संध्याकाळी त्याच जागेचा दुसरा. दुपारी बाराचं ऊन टाळ, चेहऱ्यावर काळ्या सावल्या पडतात. दाराशी, खिडकीशी बसलेल्या माणसावर जो मऊ उजेड येतो तो सगळ्यांत चांगला. आणि काढलेला फोटो त्या माणसाला दाखव. त्यानं नको म्हटलं तर तो जाऊ दे.

आणि आपले फोटो काढायला कोणी आलं तर आपणही विचारायचं. कशासाठी काढताय? कुठं छापणार, मोबाईलवर कुठं टाकणार? आमची नावं खाली लिहिणार की नुसतं "ग्रामीण महिला"? एक प्रत आम्हाला मिळेल का? हे विचारण्यात उद्धटपणा नाही. गटानं ठराव करून ठेवला तर एकटीवर बोलायची वेळ येत नाही. घरातल्या मुलीबाळींचे फोटो व्हॉट्सॲपच्या गटावर टाकण्याआधीही त्यांना विचारावं. आईला वाटतं आपलंच लेकरू, पण चौदा वर्षांच्या मुलीला आपला कुठला फोटो कुणी बघावा याचं मत असतं.

पुढच्या गुरुवारी आपण मुगाच्या पापडाच्या पॅकिंगवर बोलू, लेबलावर काय काय लिहावं लागतं ते. पण तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीनं घरातला एक जुना फोटो आणा. आईचा, सासूचा, आजीचा, जो असेल तो. त्याच्या मागे त्या बाईचं नाव, तिचं माहेरचं नाव, गाव आणि आठवत असेल तर साल लिहा. पेननं नको, शाई पुढच्या बाजूला उतरते. पेन्सिलनं लिहा, आणि हलक्या हातानं.